पोरगा दर रविवारी रडगाणं गातो, पण "परत ये" म्हटलं की चिडतो. काय समजायचं?

रामबागची_काकू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृतींच्या विभागातच असते. धागा पहिल्यांदाच काढते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा चार वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टला आहे. नोकरी चांगली, सूनही तिकडेच नोकरी करते. दर रविवारी त्यांची सकाळ झाली की फोन येतो. (उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. मार्चमध्ये ते लोक घड्याळ सरकवतात आणि माझा फोन बरोबर पानावर बसल्यावर येऊ लागतो.)

आणि फोनवर काय, तर रडगाणं. "आई, आज सगळी दुकानं बंद, घरात दूध नाही." "आई, कातडीच्या डॉक्टरची तीन महिन्यांनंतरची वेळ मिळाली." "आई, नळ गळतोय, प्लंबर पंधरा दिवसांनी येणार." "आई, खालच्या आजीबाईंनी दारावर चिठ्ठी लावली, रविवारी व्हॅक्यूम क्लीनर चालवला म्हणून." मागच्या महिन्यात तर कहरच. म्हणे, या आठवड्यात आमची पाळी आहे, मी जिना पुसून राहिलो. इंदूरला याने कधी स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं नाही हो!

मग मी म्हणते, बाळा, एवढा जीव मेटाकुटीला येतो तर परत ये. घर आपलं आहे, वरचा मजला रिकामा पडलाय. की झालं! "तुला काही सांगायची सोयच नाही," म्हणतो आणि फोन सुनेच्या हातात.

आमच्या ह्यांचं मत, हे सगळे सुखाचे आजार आहेत, लक्ष देऊ नकोस. पण मला तुम्हा बाहेर राहणाऱ्यांकडून ऐकायचंय. रोजच्या जगण्यात नेमकं काय खुपतं? आणि एवढं खुपतं तर परत यायचं नाव काढल्यावर राग का येतो? मनापासून लिहा, मी वाईट वाटून घेणार नाही.

पेठेतला_पामर

काकू, "पुसून राहिलो" नव्हे, "पुसतोय". (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मालवी_मिरची

पामर आले. धागा शंभरी गाठणार.

गेरवाला

काकू, मुलगा एक अक्षर खोटं बोलत नाहीये. मी दोन वर्षं श्टुटगार्टला काढलीत. त्या भागात याला केअरवोखे म्हणतात, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. एक पाटी असते, ती ज्याच्या दारावर लटकली त्याची पाळी. आठवडा संपला की आपण ती शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. लहान पाळी असेल तर आपल्या मजल्याचा जिना. मोठी असेल तर तळघर, अंगण, घरासमोरचा फुटपाथ, आणि थंडीत बर्फ. जिना स्वच्छ असला तरी पुसायचा, आणि जरा आवाज करत पुसायचा, म्हणजे लोकांना कळतं. हे मला माझ्या घरमालकाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं.

रविवारचंही खरं. दुकानं बंद, ड्रिल बंद, आणि काचेच्या बाटल्या टाकायला जाणंही बंद, कारण त्या कुंडीत पडताना खळखळाट होतो. कुंड्याही तीन, पांढऱ्या काचेची, हिरव्या काचेची, तपकिरी काचेची. निळी बाटली कुठे टाकायची यावर मी एकदा ऑफिसात चर्चा काढली, अर्धा तास चालली. (हिरव्यात.)

आणि कागद! तिथे सगळं पोस्टाने येतं. गेल्या गेल्या दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. तो नोंदवला की पाठोपाठ पत्र येतं, रेडिओ-टीव्हीचे घरटी महिना १८.३६ युरो भरा. आमच्याकडे टीव्ही नाही असं मी रीतसर पत्र लिहून कळवलं. त्यांनी रीतसर पत्रानेच उत्तर दिलं की असो वा नसो, भरा.

कान्ह_काठचा

पगार किती ते पण लिहा ना भिया. तक्रारी वाचून डोळे पाणावले असते, पण मी आत्ताच इंदूरच्या विजय नगर चौकात चाळीस मिनिटं काढून आलोय.

तुमचा प्लंबर पंधरा दिवसांनी येतो म्हणे. आमचा "पाच मिनिटांत पोचतो साहेब" म्हणतो आणि चार दिवस येत नाही. पाचव्या दिवशी येतो तेव्हा पाना विसरलेला असतो. डॉक्टरची वेळ लगेच मिळते हे खरं, पण बिल पाहून पुन्हा डॉक्टरकडे जावंसं वाटतं. काकांशी शंभर टक्के सहमत. सुखाचे आजार.

गेरवाला

पाना विसरलेला, हसून हसून पुरेवाट. पण तुमचा प्लंबर चार दिवस आला नाही तर तुम्ही कुणाला फोन लावता? मेहुण्याला. त्याच्या ओळखीचा दुसरा कुणीतरी येतो. आमच्याकडे मेहुणा नाही, एवढाच फरक.

बाफलेबहाद्दर

दुबईहून हजर. आमच्या तक्रारींची जातच वेगळी.

इथे रात्री दोनला चहा मिळतो, किराणा लिफ्टने वर येतो, भाषेचा प्रश्न नाही, हिंदीत जन्म निघून जातो. पगारावर आयकर नाही. मग रडायचं कशाला? ऐका. घर भाड्याने घेताना वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकांनी द्यायचं, चार चेक, सहा चेक, घरमालकाची मर्जी सांभाळून. पूर्वी चेक वटला नाही तर थेट फौजदारी. २०२२ पासून तो कायदा बराच सैल झालाय, पण तारीख जवळ आली की पोटात गोळा अजून तोच येतो.

आणि सगळा मुक्काम नोकरीवर. नोकरी गेली की मुदत मोजायला सुरुवात. मुदतीत दुसरी मिळाली तर राहा, नाहीतर बायको, मुलांची शाळा, फ्रिज, सगळं गुंडाळा. मला पंधरा वर्षं झाली. भिंतीत एक खिळा ठोकलेला नाही. खजराना गणपतीचा फोटो पंधरा वर्षं टेबलावर टेकवून उभा आहे.

बाकी उन्हाळा. मे ते सप्टेंबर मुलं बाहेर खेळत नाहीत, मॉलमध्ये "फिरायला" जातात. पण हे बोलायची चोरी. आई म्हणते, इंदूरला काय कमी ऊन आहे?

मालवी_मिरची

मी आइंडहोव्हनला असते, नेदरलँड्स. काकू, क्रमाने सांगते.

डॉक्टर. इथे आधी घरच्या डॉक्टरकडेच जायचं, त्याने चिठ्ठी दिली तरच पुढचा. आणि तो काय देतो? पॅरासिटामॉल. ताप, पॅरासिटामॉल. पाठ धरली, पॅरासिटामॉल. मुलाच्या कानात दुखत होतं म्हणून रडकुंडीला येऊन गेले, तर म्हणाला, तीन दिवस थांबा, आपोआप बरं होतं. राग असा आला म्हणता! तिसऱ्या दिवशी बरं झालं, त्याचा जास्त राग आला.

लोक. मैत्रिणीकडे "सहज" जाता येत नाही. डायरी काढतात. "पुढच्या महिन्यात गुरुवारी, साडेतीन ते पाच?" पाच वाजले की उठायचं, कारण सहाला ते जेवतात आणि तुम्ही त्या जेवणात नसता. आमच्या रामबागेत संध्याकाळी कुणी आलं आणि खिचडीवर भागवून गेलं नाही असं झालंय का कधी?

आता मजेचं. घर बदललं तेव्हा शेजारीण गंभीरपणे कचरा शिकवायला आली. भाजीपाल्याचा हिरव्या डब्यात, कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं. मी म्हटलं, बाई गं, मी इंदूरची आहे! २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर! आमची गाडी दारात गाणं वाजवत येते आणि तिला सहा कप्पे असतात, तुमचे तीन काय सांगता. तिला इंदूरचा व्हिडिओ दाखवला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कचऱ्याच्या शंका मला विचारतात.

कान्ह_काठचा

हे एकच कारण आहे ज्यासाठी मी तुम्हा सगळ्यांना माफ करतो.

डबलडोस

विलायतेतून. व्हिसा काढताना आरोग्याचा अधिभार भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, लहान मुलाला ७७६. जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे सगळे एकदम. चौघांचा हिशेब तुम्हीच करा. त्याउपर पगारातून कर कापतातच. एवढं करून डॉक्टरची वेळ हवी तर सकाळी ठीक आठला फोन लावायचा. मी आठ वाजून दहा सेकंदांनी लावला, रांगेत तेवीसावा. माझा नंबर येईपर्यंत आजच्या वेळा संपल्या होत्या. उद्या आठला लावा.

पण एक लिहितोच. मागच्या वर्षी बायकोला खरोखर गंभीर झालं, तेव्हा त्याच व्यवस्थेने दोन तासांत सगळं हलवलं आणि एक पैसा मागितला नाही. म्हणजे बारीकसारीक दुखण्याला कुणी विचारत नाही, मोठ्याला धावून येतात. तक्रार मात्र बारीक दुखण्याचीच होते, कारण ती दर आठवड्याला असतात.

पेठेतला_पामर

पुण्यात उलट आहे. बारीक दुखण्यालाही धावून येतात आणि ते मोठं होईपर्यंत सोडत नाहीत.

वाचनमात्र

माझी तक्रार तिकडची नाही, इकडची. इंदूरच्या बँकेत माझं साधं बचत खातं होतं. बाहेर राहायला गेल्यावर ते एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यावं लागतं, नियमच आहे. त्यासाठी अर्ज ऑनलाइन, ओटीपी भारतातल्या नंबरवर, तो नंबर रिचार्ज न केल्याने बंद. नंबर सुरू करायला स्वतः हजर राहा. हजर राहायला सुट्टी घ्या. सुट्टीत पोचलो तर तीन दिवस बँकेला सुट्टी, रंगपंचमी आणि पुढे शनिवार-रविवार.

फ्लॅट भाड्याने दिलाय तो निराळा ताप. मालक अनिवासी असला की भाडेकरूने ३० टक्के टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो. हे ऐकून दोन भाडेकरू पळाले. तिसरा म्हणाला, साहेब, तुम्हीच परत या ना.

सुभेदार

एक वेगळा मुद्दा. काकू, तुम्ही "बाहेर राहणारे" असं लिहिलंत म्हणून. इंदूरचा मराठी माणूस बाहेरच राहतोय, अठराव्या शतकापासून. आपले पूर्वज होळकरांच्या मागे मालव्यात आले. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चालला, १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि कारकून, पुजारी, वैद्य, शिक्षक अशी वस्ती वाढत गेली. तेव्हाही कुणीतरी गावी पत्र लिहिलं असेलच की इथे कोकम मिळत नाही. मग मुलं झाली, ती सेव खाऊ लागली, आणि पुण्याला लग्नाला गेलं की "तुमचं मराठी छान आहे हं" ऐकू लागली.

मालवी_मिरची

सुभेदार, नेमकं बोललात. इथल्या मंडळाच्या गणपतीत माझ्या मुलीने "आई, मी मोदक खाऊन राहिली" म्हटलं, तर दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने मला विचारलं, घरी हिंदी बोलता का? डच लोकांनी माझ्या उच्चारांना हसणं समजू शकते. पण आपल्याच माणसांत गेल्यावर परीक्षा द्यायची? त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याजवळ रडले. आणि आईला फोनवर काय सांगितलं? इथे मोदकाची पिठी चांगली मिळत नाही.

पेठेतला_पामर

मिरचीताई, पहिल्या प्रतिसादाबद्दल माफी. टोपी बरोबर बसली.

जास्वंद

अमेरिकेतून लिहिते. बरेच दिवस वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

इथे व्हिसाची मंजुरी वेगळी आणि पासपोर्टावरचा शिक्का वेगळा. मंजुरी असेल तर राहता येतं, काम करता येतं. पण शिक्क्याची मुदत संपलेली असताना देशाबाहेर पडलात, तर परत शिरण्याआधी भारतातल्या वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि त्याची वेळ कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. बाबांना झटका आला तेव्हा माझा शिक्का संपलेला होता. गेले असते तर परत कधी येता येईल माहीत नव्हतं. मुलीची शाळा, घराचे हप्ते, नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी विचार करायचं कारण उरलं नाही.

ग्रीन कार्डाची रांगही अशीच. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला एकूण कार्डांच्या ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, त्यामुळे आपली रांग हलत नाही. आणि मूल २१ वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. माझी सतराची आहे.

काकू, यातलं काहीही मी आईला फोनवर सांगत नाही. आईला मी सांगते की इथल्या कोथिंबिरीला वास नसतो.

रामबागची_काकू

जास्वंद, बाळा. काय लिहू कळत नाही. आईला आठवणीने फोन करत जा.

बाफलेबहाद्दर

(काही न बोलता हजेरी.)

परतलेला_पक्षी

जास्वंद यांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतोय, पण काकूंच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो.

मी अकरा वर्षं टोरांटोला होतो. दोन वर्षांपूर्वी कायमचा इंदूरला आलो. तिकडे असताना काय काय बोंबललो नाही! उणे वीसमध्ये बसथांबा. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाखतीत "कॅनडाचा अनुभव आहे का?" अरे, अनुभव देणार कोण, तुम्हीच ना? घरी फोन केला की आई म्हणायची, परत ये. मी चिडायचो.

आता इंदूरला आहे. आता मी काय करतो सांगू? हॉर्नबद्दल तक्रार करतो. रांगेत कोपर मारून पुढे घुसणाऱ्यांबद्दल करतो. रात्री अकराला डीजे वाजतो त्याबद्दल करतो. परवा म्हणालो, टोरांटोची लायब्ररी काय सुरेख होती, मुलांना पन्नास पुस्तकं घरी नेता यायची. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मग परत जा."

काकू, मला तस्साच राग आला. तोच, अकरा वर्षांचा जुना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मला ना तेव्हा तिकीट काढायचं होतं, ना आता. मला फक्त लायब्ररीबद्दल बोलायचं होतं.

डबलडोस

अनुमोदन. "परत ये" म्हणजे आमच्या कानाला "चूक केलीस" असं ऐकू येतं. आणि ते खोडून काढायची कुणाचीच तयारी नसते, कारण रात्री तीनला आम्हालाही तेच वाटतं.

कान्ह_काठचा

पक्षी, डीजेबद्दल तुमच्याशी सहमत. आणि सुखाचे आजार हा माझा शब्द मी अर्धा मागे घेतो. प्लंबरपुरता ठेवतो.

गेरवाला

अवांतर: काकू, श्टुटगार्टला जाणार असाल तर तूप, पेढे, मावाबाटी बॅगेत घालू नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. माझ्या आईने सराफ्यातून मावाबाटी आणली होती, खास. अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला, आणि अतिशय दुःखी चेहऱ्याने कचऱ्यात टाकला. आई आजही त्या माणसाबद्दल बोलते. सेव आणि जीरावण (आपला पोह्यांवरचा मसाला) खुशाल न्या.

मालवी_मिरची

जीरावण न्याच. डच बटाट्याच्या कापांवर घालून बघा, सात जन्मांचं पुण्य.

पेठेतला_पामर

जीरावण हा प्रकार पोह्यांचा खून करण्यासाठी शोधला आहे. पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. संपला विषय.

बाफलेबहाद्दर

आत्ताच माफी मागितली होती ना या माणसाने? पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर ठेवलेले असतात, वरून सेव, कांदा, जीरावण, आणि बाजूला गरम जलेबी. तुमचे फोडणीतून उतरले की दहा मिनिटांत वातड.

सुभेदार

मुळात मालव्यात पोहे मराठ्यांबरोबरच आले, असं प्रत्येक इंदूरकर छाती ठोकून सांगतो...

(यानंतर पोह्यांवर एकोणतीस प्रतिसाद झाले. ते पाककृती विभागात हलवले आहेत. – संपादक)

रामबागची_काकू

पोह्यांच्या धाग्यावर मी बाफलेबहाद्दरांच्या बाजूने लिहून आले.

आता इकडचं सांगते. काल रविवार. फोन आला. ह्यांना म्हटलं, आज मध्ये बोलायचं नाही. मुलगा म्हणाला, "आई, घोळ झाला. ती पाळीची पाटी सापडत नाहीये. आमच्या दारावर होती, आता नाही. पुढच्याला देणार काय?" जीभ नेहमीच्या वळणावर गेलीच होती, पण आवरली. विचारलं, "पाटी लाकडाची की पत्र्याची?"

मग काय विचारता. पंचवीस मिनिटं बोलला. पाटी लाकडाची आहे, चाळीस वर्षं जुनी आहे, खालच्या आजीबाईंच्या नवऱ्याने स्वतः रंगवली होती, ते आता नाहीत. आजीबाई कडक आहेत पण ख्रिसमसला बिस्किटांचा डबा दारात ठेवून गेल्या. याने त्यांना चिवडा दिला, तर त्यांनी विचारलं यात मनुके कसे? हे सगळं मला चार वर्षांत माहीत नव्हतं. मी कधी तिथपर्यंत पोचू दिलंच नव्हतं.

फोन ठेवताना म्हणाला, "आई, वरचा मजला भाड्याने दिलात का?" मी म्हटलं, नाही रे. म्हणाला, "हं. नका देऊ."

तेवढंच. मी पुढे काही विचारलं नाही.

पेठेतला_पामर

काकू, सगळं ठीक, पण पाटी सापडली का?

रामबागची_काकू

हो हो, सांगायचं राहिलंच. रात्री निरोप आला. आजीबाईंनीच काढून नेली होती, धूळ बसली म्हणून पुसून राहिल्या होत्या.